पंधरा मार्चची गाठ

"साहेब, मशीन लॉट नंबरच घेईना झालंय," शालन गुरव फोनवर म्हणाली. "पडद्यावर नुसतं डिस्क एरर, डिस्क एरर येतंय. आणि आज सौदा आहे."

सोळा मार्च एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, सोमवार, सकाळचे साडेनऊ. सांगलीत एका झेरॉक्सच्या दुकानावर दीड खोलीत आमची कंपनी होती, 'भोकरे डेटा सिस्टिम्स'. कंपनी म्हणजे मालक मिलिंद भोकरे, दोन कॉम्प्युटर आणि मी. मी चहात बिस्कीट बुडवून बसलो होतो. ते तसंच पडलं चहात.

"कधीपासून?"

"आठला आले तेव्हापासून. दोनदा बंद करून चालू केलं. रॅक नंबर कळल्याशिवाय हमालांना आत पाठवू कुठं? बेचाळीस लॉट काढायचेत, बारापर्यंत."

"कशाला हात लावू नका. मी निघालोच."

तासगावात पारिसअण्णा दुधगावे यांचं कोल्ड स्टोरेज होतं. आत बेदाण्याचे हजारो बॉक्स, चार मोठ्या खोल्यांत छतापर्यंत रचलेले. कोणाचा माल कुठल्या खोलीत, कुठल्या रॅकवर, कितव्या थरात, हे आमचा 'कोठार' नावाचा प्रोग्राम सांगायचा. सौद्याच्या दिवशी बागायतदारांनी लॉट नंबर द्यायचे, शालनने ते मशीनमध्ये घालायचे, आणि निघालेली चिठ्ठी घेऊन हमालांनी स्वेटर घालून थंडीत शिरायचं. चिठ्ठी नसेल तर त्या अंधारात नुसती चाचपडाचाचपड.

तुम्ही म्हणाल, वहीत लिहिलेलं असेल की. नव्हतं. तो आमचाच प्रताप. नवीन गिऱ्हाईक झालं की आमची एक पद्धत होती. कॉम्प्युटरला हार घालायचा, नारळ फोडायचा आणि मालकाच्या हातून जुन्या वह्या लाल फडक्यात बांधून माळ्यावर टाकायच्या. त्याचा फोटो काढायचा. भोकरे सरांच्या डोक्यातून निघालेली कल्पना. ते म्हणायचे, वही हाताशी राहिली तर माणूस मशीनवर विश्वास ठेवत नाही. तासगावात तो कार्यक्रम झाला तेव्हा शालनने मला हळूच विचारलं होतं, "साहेब, मी वर्षभर दोन्हीकडं लिहू का? मला काही जड नाही." मीच म्हणालो, "अहो, मग आम्ही कशाला आलो?" केवढा रुबाब होता माझा. वय पंचवीस.

साडेदहाला मी पोचलो. आवारात ही गर्दी. बागायतदार हातात कागदाचे कपटे घेऊन उभे, हमाल दाराशी बिड्या ओढत बसलेले. पारिसअण्णा पांढऱ्या टोपीत, घामाघूम, ऑफिसच्या पायरीवर.

"काय ओ कुंभोजकर, तुमचं मशीन ऐन लग्नात रुसलंय की."

"बघतो अण्णा. पाच मिनिटं द्या."

शालन खुर्चीवरून उठली आणि मागे उभी राहिली. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची असेल, सावळजवरून रोज एसटीनं यायची. बारीक, सावळी, बोलणं थोडं. मी बसलो, एक लॉट नंबर घातला. पडद्यावर अक्षरं आली, आणि मी ती ओळखली.

तो एरर मशीनचा नव्हता. तो मी लिहिलेला होता.

सांगतो. आम्ही विकलेल्या प्रत्येक प्रोग्रामात एक तारीख लपवलेली असायची. ती तारीख उलटली की प्रोग्राम आपोआप बंद पडायचा, आणि मशीन बिघडल्यासारखी अक्षरं दाखवायचा. गिऱ्हाईक घाबरून फोन करायचं, मग आम्ही जायचो, वर्षाच्या देखभालीचा करार पुढे ठेवायचो आणि सही झाली की गुपचूप तारीख वर्षभर पुढे ढकलायचो. आपापसात आम्ही त्याला 'गाठ' म्हणायचो. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, भोकरे सरांना आणि मला.

पारिसअण्णांनी तर जानेवारीतच, न मागता, नव्या करारावर सही केली होती. गाठ सोडवायला मी स्वतः आलो होतो. पंधरा मार्च नव्व्याण्णव लिहायचं होतं. मी लिहिलं पंधरा मार्च अठ्ठ्याण्णव. गप्पा मारत, बेदाणा तोंडात टाकत लिहिलं. काल ती तारीख उलटली.

दुरुस्ती किती? एक आकडा. मी बोट पुढे केलं, आणि मागे घेतलं. आधी सरांना विचारावं, असं वाटलं. सवयच तशी होती, विचारल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचो नाही मी.

फोन अण्णांच्या टेबलावर. अण्णा समोर.

"सर, तासगावला आहे."

"कोण आहे समोर?" भोकरे सरांनी विचारलं.

"हो, अण्णा इथेच आहेत."

"गाठ?"

"हो."

"तू विसरलास?"

"हो सर."

"गाढवा. हे बघ, व्हायरस सांग. पेपरात रोज येतंय, पटेल त्यांना. आणि लगेच उठवू नकोस. दोन तास लाव."

"सर, एकला सौदा आहे."

"मला माहीत आहे कधी सौदा आहे ते. दहा मिनिटांत उठलं तर ते विचारतील, नक्की काय केलंस. हुशार माणूस आहे तो. आपणच बंद पाडतो हे एकदा कळलं ना, तर जिल्ह्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. काय? दोन तास."

"हो सर," मी म्हणालो.

"काय म्हणाले?" अण्णांनी विचारलं.

"व्हायरस असावा. सगळी डिस्क तपासावी लागेल. वेळ लागेल अण्णा."

अण्णांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "लागू दे. पण बारापर्यंत करा बाबा. ही माणसं पहाटेपासून आलीत."

मी खुर्चीवर बसलो आणि दोन तास काहीही केलं नाही. म्हणजे बोटं चालवत होतो. फायलींची यादी काढायची, ती सरकत खाली जायची, परत तीच काढायची. मधून कपाळाला आठी घालायची. वहीत आकडे लिहायचे. बाहेर आवाज चढत होता. शालन मागून तीनचारदा म्हणाली, "साहेब, सगळं नको, निदान या बेचाळीस लॉटची यादी तरी छापून निघेल का?" मी म्हणालो, "आत्ता नाही." निघाली असती. अर्ध्या मिनिटात निघाली असती.

अकराच्या पुढे हमाल विजेऱ्या घेऊन आत घुसले. आठवणीवर जेवढं सापडलं तेवढं काढत राहिले. बेचाळीसपैकी अकरा लॉट बाहेर आले, त्यातले दोन भलत्याचेच निघाले. एक म्हातारा बागायतदार खिडकीशी येऊन मला म्हणाला, "पोरा, दमानं घे, पण कर काहीतरी." मला अजून त्याचा शेंबडा आवाज आठवतो, थंडीत जाऊन आला होता बिचारा. मी त्याला हो म्हणालो आणि परत यादी काढली.

पाऊण वाजता मी नव्व्याण्णव लिहिलं. मशीन उठलं. लोक निघून चालले होते. तेहेतीस लॉट त्या सौद्याला गेलेच नाहीत.

अण्णा आत आले. ओरडले नाहीत, तेच वाईट. खुर्ची ओढून बसले.

"हा व्हायरस येतो कुठनं, कुंभोजकर?"

"बाहेरच्या फ्लॉपीतून येतो अण्णा."

"आमच्याकडं कुठली बाहेरची फ्लॉपी?"

शालनने स्वतःच ड्रॉवर उघडला. निळी फ्लॉपी बाहेर काढून टेबलावर ठेवली. "माझी आहे अण्णा. कॉम्प्युटरच्या क्लासची. पण मी ती या मशीनला कधी लावली नाही. संध्याकाळी क्लासला जाते म्हणून जवळ असते."

अण्णांनी फ्लॉपी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि माझ्याकडे बघितलं. "हिच्यातनं आला असंल?"

शालनही माझ्याकडे बघत होती. अगदी निवांत. म्हणजे तिला खात्रीच होती, मी नाही म्हणणार.

"असू शकतं," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी तिची नोकरी गेली.

हे सगळं मी आज का उगाळतोय? तर कंपनीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, पहिल्या पानावर मी आणि भोकरे सर. आता पुण्यात सात मजले आहेत आमचे. त्या पुस्तकात एक प्रकरण तासगावचं आहे. 'व्हायरसच्या पहिल्या हल्ल्याशी आमच्या तरुण अभियंत्याने सलग दोन तास दिलेली झुंज', असं त्यात छापलंय. वाक्य माझं. शुद्धलेखनही मीच तपासलं. समारंभात लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी उठून नमस्कार केला. निर्लज्जपणाला काही सीमा असते म्हणतात, मला तरी अजून सापडलेली नाही.

पण त्या पुस्तकात गुरुवार नाही आणि शनिवार नाही. ते इथे सांगतो.

गुरुवारी दुपारी शालन आमच्या ऑफिसात आली. सर मिरजेला गेले होते. मी पाणी दिलं. तिनं ते प्यायलं, पदरानं तोंड पुसलं आणि पर्समधून एक कागद काढला.

"क्लासच्या सरांनी माझी फ्लॉपी तपासली. हे लिहून दिलंय त्यांनी. तीत काही नाही."

मी कागद वाचल्यासारखं केलं.

"साहेब, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही त्या दिवशी व्हायरस शोधत नव्हता. फायलींची यादी बघत होता. तीच तीच. मी मागेच उभी होते, मला तेवढा कॉम्प्युटर येतो."

"मग तिथंच का नाही बोललात?"

"म्हटलं, तुमचीपण नोकरी असेल. वाटलं, माणसं पांगली की तुम्ही अण्णांना एकटं गाठून सांगाल."

मी कागदाची घडी घालून तिच्यापुढे ठेवली.

"मला तुमचं काही उघडं करायचं नाही," ती म्हणाली. "कसं बंद पडलं, का पडलं, मला नाही जाणून घ्यायचं. तुम्ही अण्णांना एवढंच सांगा, फ्लॉपी तपासली, तीत काही नव्हतं, पोरीची चूक नाही. तुमचा शब्द ते मानतात. माझा नाही मानणार."

"दुसरीकडे बघितलं नाहीत कुठे?"

"तासगावात सगळ्यांना कळलंय, हिच्यामुळं सौदा बुडाला म्हणून. कोण घेतंय? आणि वेळ पण नाही साहेब. वडील म्हणाले होते, नोकरी आहे तोवर लग्नाचा विषय काढणार नाही. सोमवारी नोकरी गेली, मंगळवारी काढला. जतचं स्थळ आहे. त्याची बायको वारलीय, दोन मुलं आहेत. रविवारी येणार आहेत बघायला. बघायला कसलं, सुपारीच फोडणार. माणूस वाईट नसेल ओ. मला जायचं नाही, एवढंच. नोकरी परत मिळाली तर मी वडिलांना तोंड वर करून नाही म्हणू शकते."

"मी शनिवारी जातो," मी म्हणालो. "नक्की. तुम्हीपण या, मी आत बोलतो, मग तुम्हाला बोलावतो."

ती एवढी हसली की मला लाज वाटली. जाताना झेरॉक्सवाल्याच्या जिन्यावरून परत वर आली आणि म्हणाली, "साहेब, दहा वाजता ना?"

संध्याकाळी सर आले तेव्हा मी सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील. रागावले नाहीत. चष्मा पुसत बसले.

"फ्लॉपीतून नाही तर मग कुठून आला, असं विचारतील. काय सांगशील?"

"काहीतरी सांगेन."

"त्या काहीतरीवर आणखी एक प्रश्न येईल. मी अडवत नाही तुला. सांगायचं तर सांग, तुझं मन तुला खात असेल तर सांगच." चष्मा डोळ्यांवर चढवला. "अठ्ठावीसला पाडवा आहे. पाटी नवी करायची म्हणतोय. भोकरे आणि कुंभोजकर. तुझ्या आईला आवडेल."

झालं. एवढंच बोलले. बाकीचं मी माझं माझं केलं.

शनिवारी दहा वाजता शालन फाटकाजवळच्या बाकावर बसली होती. इस्त्रीची साडी, केसात अबोली. म्हणजे आजच खुर्चीवर बसायच्या तयारीनं आली होती. मला बघून उठली. मी म्हणालो, "बसा, आलोच."

आत अण्णा एका बोटानं कळा दाबत बसले होते. शालनच्या जागी अजून कोणाला घेतलेलं नव्हतं. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"या, या. बसा. चहा आण रे. कुंभोजकर, एक सांगतो, सोमवारी माझं डोकं फिरलं होतं. पण नंतर विचार केला, हा पोरगा दोन तास पाण्याचा घोट न घेता बसला होता. किती लोक असं करतात? मी माझ्या मेहुण्याला विजापूरला सांगितलंय, घे म्हणून हे मशीन. कवठ्याला माझे मित्र आहेत, तेपण घेणार. मी शब्द टाकलाय तुमच्यासाठी."

"अण्णा, मी..."

"अहो, राहू द्या आभार. आणखी काय?"

आणखी काय. दार उघडंच होतं. बाहेर बाकावर ती बसलेली मला दिसत नव्हती, पण आहे हे माहीत होतं. वाक्य तयार होतं, सांगलीपासून स्कूटरवर म्हणत आलो होतो. फ्लॉपी तपासली अण्णा, तीत काही नव्हतं. एवढंच. पण ते विचारणार, मग कुठून आला? मी काहीतरी सांगणार. ते हुशार. विजापूर जाईल, कवठं जाईल, पाटी जाईल. हे सगळं मी चहाच्या दोन घोटांत मोजून टाकलं.

"काही नाही," मी म्हणालो. "मशीन ठीक चाललंय ना, बघायला आलो होतो."

"ठीक चाललंय. दुसरं काही म्हणायचंय का तुम्हाला? आलाय तर बोला."

"नाही अण्णा."

कप खाली ठेवला आणि बाहेर पडलो. शालन उभीच होती.

"काय झालं?"

"बोललो मी," मी म्हणालो. तोंडातून ते इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. "खूप समजावलं. अण्णा ऐकायलाच तयार नाहीत."

तिनं मान हलवली. एकदा, दोनदा. "बरं," ती म्हणाली. "तुम्ही आलात, बोललात. तेवढं कोण करतंय?"

तेवढ्यात पारिसअण्णा बाहेर आले. हातात माझ्यासाठी बेदाण्याची पिशवी, आत विसरलो म्हणून स्वतः घेऊन आले होते. शालनला बघून थबकले.

"तू कधी आलीस गं?"

"झाला तास, अण्णा."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काय ओ कुंभोजकर, ही इथं बसलीय आणि तुम्ही आत हिच्याबद्दल एक शब्द काढला नाहीत? मी वाट बघत होतो की. दोनदा विचारलं, आणखी काय, आणखी काय. मला वाटलं त्यासाठीच आलाय तुम्ही. जागा मोकळी ठेवलीय मी पाच दिवस. मला काय त्या फ्लॉपीतलं कळतंय? तुम्ही नुसतं म्हणाला असता की पोरीची चूक नाही, तर आज बसवली असती."

शालनने माझ्याकडे बघितलं नाही. ती खाली, आपल्या चपलांकडे बघत राहिली.

"आत्ता सांगा," अण्णा म्हणाले. "हिच्या तोंडावर सांगा. हिची चूक होती का नव्हती?"

फाटकाबाहेरून ट्रक गेला, त्याचा आवाज लांबवर विरत गेला. मला वेळ मिळाला होता. भरपूर मिळाला होता.

"तसं नक्की सांगता येत नाही, अण्णा," मी म्हणालो.

"मग झालं," अण्णांनी पिशवी माझ्या हातात दिली.

शालनने पर्स खांद्याला अडकवली. "जाऊ दे त्यांना अण्णा," ती म्हणाली. "सांगलीला पोचायचंय, ऊन होईल."